पहिली खोटी नोंद

सरकारी दप्तरांतील चुकीच्या नोंदींविषयी मी या सदरात वेळोवेळी लिहीत आलो आहे. परंतु या आठवड्यात एका परिचितांच्या घरी जी नोंद माझ्या डोळ्यांदेखत झाली, तिने जो संताप आला तो आजवर कोणत्याही कचेरीने मला आणला नव्हता. हे सुविद्य आणि सुस्वभावी गृहस्थ आपल्या पाचवीतल्या कन्येस इन्स्टाग्रामवर खाते उघडून देत होते. जन्मतारखेचा रकाना पुढे आला, त्यांनी खरे साल घातले, फोनने ते स्वीकारले नाही, तेव्हा सालांच्या त्या फिरत्या पट्टीवर अंगठा ठेवून त्यांनी मुलीला एका झटक्यात एकवीस वर्षांची केली आणि "घेतलं बघ!" असे म्हणून फोन तिच्या हाती दिला. खुर्चीच्या हातावर बसून हा सारा व्यवहार टक लावून पाहणाऱ्या त्या मुलीने विचारले, "बाबा, कुणी वय विचारलं तर काय सांगू?" बाबा नुसते हसले.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. या खात्यास किमान तेरा वर्षांची अट आहे. आपल्याकडे २०२३ साली संमत झालेला वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवून त्याला उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई करतो.

आता हे संरक्षण ज्या वयाच्या आधाराने मिळावयाचे, ते वयच पित्याने स्वहस्ते खोटे लिहिल्यावर त्या मुलीचे काय होते, याचा विचार त्या घरात कोणी केला नव्हता. कंपनीच्या लेखी ती प्रौढ झाली. अल्पवयीनांची खाती आपोआप खाजगी ठेवण्याची आणि अनोळखी माणसांचे निरोप अडविण्याची जी तजवीज अलीकडे झाली आहे, ती तिला लागू राहिली नाही. आणि इंटरनेटच्या या विशाल प्रदेशात प्रवेश करतानाच तिला असे शिक्षण मिळाले, की येथे वय, नाव, ओळख ही सर्व सोयीप्रमाणे बदलावयाची असतात. उद्या कोणी चाळिशीतला इसम "मीही पाचवीतच आहे" असे तिला लिहील, तेव्हा तो खोटे बोलत असेल अशी शंका तिला यावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

याहूनही मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. अनोळखी माणसाने मुलाला जाळ्यात ओढण्याच्या प्रकरणांत घडते ते बहुधा एकाच रीतीने: एखाद्या खेळातून किंवा निरोपांतून ओळख होते, कौतुक होते, एक छायाचित्र मागितले जाते, आणि ते हाती पडताच धमकी सुरू होते. त्या क्षणी मुलाने उठून आईजवळ किंवा बापाजवळ जाणे हाच खरा बचाव असतो. निरोप पुसून न टाकता जपून ठेवणे, पैसे उकळले गेले असल्यास १९३० वर आणि मूल संकटात असल्यास १०९८ वर फोन करणे, हे पुढचे सर्व मोठ्यांनी करावयाचे असते. परंतु "फोन काढून घेईन" ही ताकीद ज्या घरात रोज उठता-बसता दिली जाते, तेथील मूल तोंड उघडणार नाही. आणि खातेच मुळात लपवाछपवीचे असेल, तर ते दुप्पट गप्प बसेल. म्हणून माझे पालकांना कळकळीचे सांगणे आहे, की नियमांची यादी भिंतीवर लावण्याआधी मुलाला एवढा शब्द द्या, की तू काहीही सांगितलेस तरी पहिला प्रश्न "तू तिथे गेलासच का?" हा नसेल.

आणि आपले स्वतःचे वर्तन? सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर वाढदिवसाच्या दिवशी मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव, शाळेचा गणवेश आणि इमारतीचा मजला एकत्र झळकतात, आणि ते टाकणारे मातापिताच असतात.

मोठ्यांनी आधी स्वतःला शिस्त लावावी, या बाबतीत सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. करोनाकाळात फोनवर भरलेल्या शाळेने मुलांच्या हाताला फोन चिकटला तो शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा २०२२ साली या गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरांतले फोन आणि टीव्ही बंद होतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुले पुस्तके घेऊन बसतात. भोंगा मोठ्यांनाही लागू आहे. मालिका बघणाऱ्या आजीलाही आणि ओसरीवर चित्रफिती चाळणाऱ्या काकालाही. त्यासाठी आशासेविका, अंगणवाडीताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. कोणत्याही कंपनीची किंवा कायद्याची वाट न पाहता एका गावाने दीड तासाचा अंमल स्वतःवर बसविला, याचे मोल मला कोणत्याही परिपत्रकाहून अधिक वाटते.

आमच्या इमारतीला देऊळ नाही, पण पाण्याची वेळ कळविणारी घंटा आहे. तिचा सातला उपयोग करावा, आणि मुलांची छायाचित्रे नावपत्त्यासह गटावर टाकणे बंद करावे, असे दोन ठराव मी चिटणिसांकडे लेखी दिले आहेत. सभा येत्या रविवारी आहे.