कानात आवाज येतोय, त्याला झाडाला बांधू नका

जाहीर आवाहन

अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामस्थ, सरपंच, पोलिस पाटील, आशाताई, बचत गटातल्या भगिनी आणि भजनी मंडळांनो,

गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात दारू सोडलेल्या माणसाला लिंबाच्या झाडाला दोराने बांधलं आणि मिरच्यांची धुरी दिली. गावाचं नाव लिहीत नाही. त्याच्या मुलीची सोयरीक व्हायची आहे, आणि खरं सांगायचं तर ते आपल्यापैकी कोणाचंही गाव असू शकतं. रविवारी त्याने देवळात भंडारा उचलून दारू सोडली तेव्हा याच गावाने त्याला हार घातला होता. बुधवारी दोर बांधणारे हातही त्याच गावातले.

मधल्या दोन दिवसांत झालं काय? सोमवारी सकाळपासून हात कापायला लागले. चहाची बशी धरवेना, कपड्यावर सांडायला लागला. रात्री विहिरीवरची मोटार चालू होती. तिच्या घरघरीत त्याला दोन चुलतभाऊ बोलताना ऐकू यायला लागले. एक म्हणतो, ह्याला आज सोडायचा नाही. दुसरा म्हणतो, बायकोच्या डोरल्याचे पैसे ह्यानेच प्यायले. मोटार बंद केली तरी बोलणं थांबेना. त्याने आतून कडी लावली आणि उशाला कोयता घेतला. बायको विचारत होती तर सगळं नीट सांगत होता. वार कोणता, ऊसतोडीची टोळी कधी यायची, सोसायटीचं किती देणं आहे, सगळं बरोबर. फक्त दोन माणसं बोलत होती, जी तिथे नव्हतीच. घरच्यांनी भगताला बोलावलं. भगत म्हणाला, बाहेरचं आहे.

बाहेरचं काही नव्हतं. दारू तुटली होती, एवढंच.

आम्ही या जिल्ह्यातली दारू सोडलेली माणसं आणि त्यांच्या घरच्यांचा गट आहोत. आमच्यातल्या कित्येकांनी हे आवाज स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. कोणाला पंख्यात ऐकू आले, कोणाला भिंतीपलीकडे, एकाला तर बंद रेडिओत स्वतःच्या नावाने शिव्या. म्हणून हे आवाहन आम्ही लिहितो आहोत. ज्यांनी एक रात्रही अशी काढलेली नाही, त्यांनी निदान ऐकून घ्यावं.

वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत शांत करत असते. मेंदूही मुकाट बसत नाही, तो तिच्याविरुद्ध आपला जोर वाढवत नेतो. चंदनापुरी घाटात एक पाय ब्रेकवर आणि दुसरा ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी चालवावी तसं ते चाललेलं असतं. एका दिवसात दारू बंद केली की ब्रेक गेला, जोर मात्र तसाच राहिला. मग शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलटी, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी काहींना आवाज येतात. याच काळात फिट येऊ शकते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना तो भयंकर प्रकार होतो, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टराने हे नाव १८१३ मध्ये दिलं. दोनशे वर्षं झाली, आणि आपण अजून लिंबू-मिरची उतरवतो आहोत.

नुसते आवाज येणं आणि हे डिलिरियम, या दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळलाच पाहिजे. नुसते आवाज येणारा माणूस भानावर असतो. त्याला दिवस, घर, माणसं कळतात. आवाज बहुतेक वेळा दोष देणारे, धमकावणारे असतात, त्याच्याविषयी आपसात बोलतात. भानावर असल्यामुळेच तो ते खरे मानतो आणि घाबरतो. दुसऱ्या प्रकारात माणूस भानावरच नसतो. ताप येतो, अंगावर किडे दिसतात, तो बायकोला बहीण समजतो, रात्र आहे की दिवस ते कळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर अशा दर शंभर माणसांतली पंधरा किंवा त्याहून जास्त दगावू शकतात. वेळेवर दवाखान्यात नेलं तर हाच आकडा पाचाच्या आत येतो. पहिला माणूस दुसऱ्या अवस्थेत कधी जाईल हे तुम्हाला, आम्हाला किंवा भगताला सांगता येत नाही. म्हणून दोघांनाही दवाखान्यातच न्यायचं.

आणि ऐका, आवाजांपासून पळणारा माणूस कुठे पळतो? आपल्याकडे विहिरींना कठडे नाहीत. घराच्या आढ्याला फवारणीचं औषध टांगलेलं असतं. पुढचं लिहीत नाही.

आमचा राग भगतावर आहेच, पण त्याहून जास्त शिकलेल्या लोकांवर आहे. पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने माणसं मेली तेव्हा सगळा जिल्हा पेटून उठला, आणि तो उठायलाच हवा होता. पण दारू पिऊन मेलेल्यासाठी मोर्चा निघतो तसा दारू सोडताना मेलेल्यासाठी कधी निघाला आहे का? तो ‘झटका आला’ म्हणून जातो, ‘अति पीत होता’ म्हणून जातो, ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ म्हणून जातो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सोळा कोटी लोक दारू पितात. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो दर १८० जणांत एकाला. बाकीचे १७९ कुठे आहेत? आपल्या पडवीत आहेत. आणि आपला जिल्हा कोणता? ज्याने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, ज्याच्या मळीतून मद्यार्क निघतो तो. मद्यार्क काढायला जागा मिळाली, दारू सोडणाऱ्याला तीन रात्री झोपवायची खाट तालुक्याच्या गावात आहे का, एवढं तरी विचारा.

एका सरकारी दवाखान्यात आमच्या एका साथीला रात्री नेलं. ‘पिलेला आहे, सकाळी आणा’ असं सांगून परत पाठवलं. अहो, तो पिलेला नव्हता म्हणून तर त्याचं असं झालं होतं! दुसऱ्या एका खासगी डॉक्टरने ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. जुन्या पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे, आम्ही सांगायची वेळ यायला नको होती.

आता नेहमीची उत्तरं घेतो. जास्त वेळ घालवणार नाही.

‘माझ्या आज्याने एका दिवसात सोडली, काही नाही झालं.’ चांगलं झालं. सगळ्यांना त्रास होत नाही, आवाज तर त्याहून थोड्यांना येतात. तुमचा आजा वाचला म्हणून शेजाऱ्याचा मुलगा वाचेल असं नाही.

‘डॉक्टर झोपेच्या गोळ्या देतात, एक व्यसन सुटतं आणि दुसरं लागतं.’ डायझेपाम किंवा लिब्रियम डॉक्टर मोजून देतात आणि काही दिवसांत कमी करत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर दुसरी गोळी देतात. मेडिकलवरून स्वतः आणून दिल्या तर मात्र तुमची शंका खरी ठरेल.

‘एक क्वार्टर पाजा, आवाज थांबतील.’ थांबतीलही. पुढच्या वेळी सोडताना झटका जास्त जोराचा येईल, कारण दर खेपेला मेंदू जास्त भडकतो.

आणि सगळ्यात आवडतं उत्तर: ‘राळेगणला खांबाला बांधूनच दारू सुटली ना?’ अण्णांबद्दल आम्हाला आदर आहे. राळेगणसिद्धीत दारुड्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारलं जायचं, हे खुद्द अण्णा हजाऱ्यांनी अनेकदा सांगितलं आहे. पण राळेगण उभं राहिलं ते गावातल्या भट्ट्या बंद झाल्या म्हणून, पाणी अडवलं म्हणून, हाताला काम मिळालं म्हणून. तुम्ही त्यातला फक्त खांब उचलला. पाणलोटाचं काम नको, खांब तेवढा हवा! शिवाय पिऊन धिंगाणा घालणारा आणि दारू सोडून थरथरणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसऱ्याला मारणं म्हणजे न्यूमोनिया झालेल्याला खोकतो म्हणून मारणं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले, तो त्याच वर्षी आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्या कायद्याच्या अनुसूचीत अगदी पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हेच दाभोलकर साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र उभं करणारेही होते, हे आपण विसरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणारा मानसिक आजार आजारच धरला आहे, आणि अशा रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. म्हणजे ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ म्हणून पुड्यांची जाहिरात असते. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध असेल आणि नवरा त्यावर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. माउलींनो, भाकरीत काही मिसळू नका.

आता करायचं काय, ते घाईघाईने सांगतो, कारण वेळ नाही.

रोज सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागते अशा माणसाने घरच्या घरी एकदम दारू सोडू नये. माळ घालायची असेल तर जरूर घाला, पंढरीला जायचं असेल तर जा, पण आधी डॉक्टर. पूर्वी कधी फिट आली असेल, आवाज आले असतील, तर दाखल करूनच सोडवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पुण्याला ‘मुक्तांगण’ आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. आवाज सुरू झालेच तर कोयता, कुऱ्हाड, फवारणीचं औषध नजरेआड करा, विहिरीकडे एकट्याला सोडू नका. दिवा चालू ठेवा. मोटार, टीव्ही, पंख्याची घरघर बंद ठेवा. त्याच्याशी भांडू नका, ‘असं काही नाही, वेडा झालास का’ म्हणू नका. ‘तुला ऐकू येतंय, मला येत नाही, पण मी इथंच बसलोय’ एवढं म्हणा. हो ला हो करून चुलतभावांना शिव्याही घालू नका, नंतर खरी भांडणं होतात. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नका. १०८ ला फोन करताना ‘दारू पिऊन पडलाय’ असं सांगू नका. ‘दारू सोडल्यामुळे त्रास होतोय, शेवटचा घोट अमुक वेळी घेतला’ असं सांगा.

दारू सुटून आठवडा उलटला तरी कुणाकुणाला आवाज येत राहतात. बहुतेकांचे काही दिवसांत, काहींचे काही आठवड्यांत जातात, अट एकच, पुन्हा पिऊ नये. त्याहून लांबले तर डॉक्टर वेगळं औषध देतात आणि दुसरा काही आजार आहे का ते तपासतात. एवढ्यावरून त्याला वेडा ठरवणाऱ्यांनी आमच्या बैठकीला यावं. तिथं तुम्हाला ट्रॅक्टर चालवणारे, शाळेत शिकवणारे, कीर्तनाला टाळ धरणारे भेटतील, ज्यांच्या कानात एकेकाळी अख्खं गाव बोलत होतं. आम्ही एकाही माणसाला पावती फाडायला लावलेली नाही. रात्री-अपरात्री कुणाच्या उशाशी बसायला आमची माणसं मोटारसायकलवर गेली आहेत, आणि जातील. हे पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर नसतं म्हणून सांगावं लागतं.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शनं आणि दारू तुटल्यावर द्यायची औषधं कायम ठेवावीत. दारू सोडताना त्रास होणाऱ्याला रात्री परत पाठवू नये. गावात कोणी कोणाला बांधलं तर पोलिस पाटलाने त्याच दिवशी कळवावं. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे, बायांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदानाची मागणी जरूर करावी. पण दुकान बंद झालं की दुसऱ्या दिवशी गावात थरथरणारी माणसं असतील, त्यांची सोय आधी करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसं गेली, हे ध्यानात ठेवा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, निवडणुकीची जुनी घोषणा पुसून, चुन्याने तीन आकडे मोठे लिहा: रुग्णवाहिका १०८, मनाच्या आजारासाठी टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्ती १४४४६.