यजमान गावाचा हिशेब

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आफ्रिकेच्या प्रवासाचे दोन प्रकार प्रचलित आहेत, आणि त्यांपैकी एकाचे जितके कौतुक होते तितकीच दुसऱ्याची धास्ती घेतली जाते. पहिला प्रकार अकरावीच्या उन्हाळी सुटीतला: आईबापांनी काही हजार डॉलर भरून मुलाला पंधरवड्यापुरते केनियात किंवा टांझानियात धाडावे, तेथे त्याने एखाद्या शाळेच्या भिंतीला रंग द्यावा, पोरांच्या घोळक्यात उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, आणि परतल्यावर त्या पंधरवड्याने आपले जीवन कसे आमूलाग्र पालटले याचे वर्णन कॉलेजच्या प्रवेशअर्जासोबत साडेसहाशे शब्दांत जोडावे. दुसरा प्रकार त्यानंतर पाचसहा वर्षांनी उद्भवतो. पदवी हाती पडलेली त्याच घरातली मुलगी एके रात्री जेवताना सांगते, की पीस कोअरमध्ये माझी निवड झाली असून मलावीतल्या एका खेड्यात मी दोन वर्षे गणित शिकवायला जाणार आहे. आणि आजवर 'समाजसेवा' या शब्दाचा जप करणारे ते घर सुतक आल्यासारखे गप्प होते. 'अगं, पण मेडिकलचं काय?' एवढाच प्रश्न आईला सुचतो.

कौतुक आणि धास्ती ही दोन्ही मला अस्थानी वाटतात, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: देणारे आपले मूल आणि घेणारे ते खेडे. वस्तुतः परदेशी स्वयंसेवक एखाद्या गावात रुळतो तेव्हा पहिले वर्षभर तरी देण्याचे काम गावच करीत असते, आणि त्या देण्याची नोंद ना वॉशिंग्टनच्या दप्तरात होते, ना आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत.

पीस कोअर ही अमेरिकन सरकारची स्वयंसेवक संस्था जन्मली तेव्हाची हकीकत पाहण्याजोगी आहे. १४ ऑक्टोबर १९६० रोजी, पहाटे दोनच्या सुमारास, मिशिगन विद्यापीठाच्या युनियन इमारतीच्या पायऱ्यांवरून बोलताना केनेडींनी विद्यार्थ्यांना विचारले, की तुमच्यापैकी कितीजण घानासारख्या देशात जाऊन काम करण्यास सिद्ध आहेत. पुढच्या १ मार्चला अध्यक्षीय हुकूम निघाला, सप्टेंबरात काँग्रेसने कायदा संमत केला, आणि त्या कायद्यात तीन उद्दिष्टे नमूद झाली: मागणी करणाऱ्या देशांना प्रशिक्षित मनुष्यबळ पुरवणे, तेथील लोकांना अमेरिकनांची ओळख करून देणे, आणि अमेरिकनांना इतर लोकांची ओळख करून देणे. तीनांपैकी दोन उद्दिष्टांचा शाळेतल्या फळ्याशी थेट संबंध नाही, आणि तिसऱ्याचा लाभ तर उघडउघड अमेरिकेलाच आहे. कायदा लिहिणाऱ्यांपाशी जो प्रांजळपणा होता तो संस्थेच्या जाहिरातींत पुढे टिकला नाही, ही गोष्ट निराळी.

३० ऑगस्ट १९६१ रोजी एकावन्न शिक्षकांची पहिली तुकडी आक्राच्या विमानतळावर उतरली आणि तिने स्वागतास आलेल्या मंडळींपुढे ट्वी भाषेत एक घानायन गीत म्हटले. आपली भाषा पाहुण्याच्या तोंडून, उच्चार चुकत का होईना, ऐकताना यजमानाचे मन कसे सैल होते हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ऑक्टोबरात, नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने घरी पाठवायच्या पोस्टकार्डावर तेथील बकाल आणि आदिम राहणीविषयी चार ओळी खरडल्या. ते कार्ड टपालात पडण्याऐवजी एका विद्यार्थ्याच्या हाती पडले, त्याच्या प्रती निघून वसतिगृहांतून वाटल्या गेल्या, संताप उसळला, आणि बिचारीला मायदेशी परतावे लागले. नायजेरियाच्या स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. तिने लिहिले ते मुळीच खोटे होते असे नाही. परंतु ज्याच्या घरी आपण उतरलो आहोत तो साक्षर आहे, स्वाभिमानी आहे, आणि आपण त्याला जितके निरखतो त्याहून अधिक बारकाईने तो आपल्याला निरखतो आहे, याचे भान तिला उरले नव्हते.

हे भान येण्यासाठीच संस्थेने एक शिरस्ता बसवला. सत्तावीस महिन्यांच्या मुदतीपैकी पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे, आणि त्या काळात मुक्काम बहुधा एखाद्या स्थानिक कुटुंबात. मलावीत राहून आलेल्या, माझ्या परिचयातल्या एका मराठी तरुणीने मला त्या घराविषयी जे सांगितले ते संस्थेच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा बोलके होते. पहाटे उठून अंगण झाडणे हा तेथील बाईच्या इभ्रतीचा विषय. न झाडलेले अंगण म्हणजे घरात कोणी आजारी तरी आहे किंवा कोणी आळशी तरी आहे. न्यू जर्सीत वाढलेल्या या मुलीने पहिल्याच सकाळी मोठ्या उत्साहाने खराटा उचलला, तेव्हा घरधनिणीने, म्हणजे त्या घरच्या 'अमायीं'नी, तो हसत काढून घेतला, कारण ती झाडत होती ती धूळ अंगणाबाहेर जाण्याऐवजी घराच्या दाराशी जमत होती. मग रोज थोडे थोडे शिक्षण सुरू झाले: पाण्याची बादली डोक्यावर घेताना मान कशी धरावी, चितेंजे कमरेला कसे गुंडाळावे म्हणजे ते चालताना सुटत नाही, वडीलधाऱ्यांना वस्तू देताना गुडघे कसे टेकावेत, कोणी काही दिले तर ते दोन्ही हातांनी कसे घ्यावे. मक्याच्या पिठाचे न्सिमा उजव्या हाताने गोळा करून पालेभाजीबरोबर खाणे तेवढे तिला पहिल्या दिवसापासून जमले. त्याचे श्रेय तिने सांगलीच्या आजीला दिले.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबून 'मुली ब्वांजी' म्हणायचे, उत्तर ऐकून घ्यायचे आणि उलट आपलीही खुशाली सांगायची, हा तेथला नित्यक्रम. शाळा वीस मिनिटांच्या अंतरावर असली तरी पोहोचायला पाऊण तास लागतो, आणि उशीर झाला म्हणून कोणी रागावत नाही. न थांबता गेल्यास मात्र गावभर चर्चा होते. तिच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. अमेरिकन शिक्षिका येणार म्हणून गाव गोऱ्या बाईची वाट पाहत होते आणि उतरली ती सावळी मुलगी, जिला मुलांनी तत्काळ 'म्वेन्ये', म्हणजे शहरातल्या हिंदी दुकानदारांपैकी एक, ठरवून टाकले. मलावीचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बांदा यांच्या राजवटीत १९७० च्या दशकात आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून उठवून मोजक्या शहरांत कोंडण्यात आले होते. तेव्हा खेड्यातल्या शाळेत खडू घेऊन उभी असलेली म्वेन्ये ही तेथील पोरांच्या अनुभवाबाहेरची गोष्ट. तू खरोखर अमेरिकन आहेस का, हा प्रश्न तिला न्यू जर्सीच्या शाळेतही ऐकावा लागला होता.

आता अध्यापनाकडे येऊ. माध्यमिक वर्गांचे माध्यम इंग्रजी, वर्गात साठ-सत्तर मुले, पुस्तक दोघातिघांत एक, आणि शिक्षिकेचे उच्चार अमेरिकन. आपण शिकवलेली समीकरणे मुलांना बरी समजतात अशी तिची कित्येक आठवडे समजूत होती. पुढे कधीतरी तिच्या लक्षात आले, की तिचा तास संपल्यावर जोडीदार म्हणून नेमलेले स्थानिक शिक्षक संध्याकाळी त्याच मुलांना बसवून तोच पाठ चिचेवा भाषेत पुन्हा समजावतात, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून याविषयी चकार शब्द काढत नाहीत. या गृहस्थांच्या नावावर स्वतःचे चार वर्ग होतेच. सुगी मार्च-एप्रिलची, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या रिकाम्या होतात, आणि त्या टंचाईच्या दिवसांतही शेजारच्या घरांतून नव्या बाईंसाठी भोपळ्याच्या पाल्याची भाजी येत राहिली.

या सगळ्याचा जमाखर्च मांडून पाहावा. स्वयंसेवकाला निर्वाहभत्ता मिळतो, वैद्यकीय देखभाल मिळते, मुदत इमानेइतबारे पुरी करून परतल्यावर दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम हाती पडते आणि एक वर्षापर्यंत केंद्र सरकारच्या नोकरीत स्पर्धेवाचून नेमणूक होण्याची सवलत मिळते. अमायींना त्या तीन महिन्यांच्या खाण्यापिण्याचे पैसे मिळतात. संध्याकाळी दुसऱ्यांदा पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांना काहीच मिळत नाही, आणि दोन वर्षांनी नवा अमेरिकन आला की सारे पहिल्यापासून.

विचारवंत इव्हान इलिचने १९६८ साली मेक्सिकोत काम करू पाहणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले होते, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. पंधरवड्याच्या भिंतरंगाऱ्यांना हा उपदेश मी शब्दशः लागू करीन. त्या भिंती रंगवायला गावात रंगारी असतात आणि त्यांना कामाची गरज असते. दोन वर्षांच्या शिक्षकाला मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही. घानात एन्क्रुमांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा १९६१ मध्येच केला होता, शाळा वाढत होत्या, शिक्षक नव्हते, म्हणून त्यांनी माणसे मागवली. ती कोणी त्यांच्या गळ्यात मारली नव्हती. शिवाय सत्तावीस महिन्यांत एक गोष्ट घडू शकते जी पंधरवड्यात घडूच शकत नाही: पाहुणा गावाच्या उपयोगी पडू लागतो. पहिल्या वर्षी गावाने घातलेले भांडवल दुसऱ्या वर्षी थोडेफार वसूल होते. मुदत लांब असणे हाच या योजनेचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि नेमकी त्या लांबीचीच आपल्या आईबापांना भीती वाटते. हिवताप, रस्त्यावरचे अपघात यांची भीती रास्त आहे. मार्च २०२० मध्ये महामारी आली तेव्हा साऱ्या जगातले सुमारे सात हजार स्वयंसेवक संस्थेने एकदम परत बोलावले. 'दोन वर्षे फुकट गेली' ही भीती मात्र मला समजत नाही.

मराठी माणसाने तर हा प्रश्न यजमानाच्या बाजूने पाहायला हवा, कारण ती भूमिका आपण दीर्घकाळ वठवली आहे. १८२७ च्या अखेरीस न्यू हॅम्पशरची सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला आली, पुढे अहमदनगरला गेली, आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. तेथील मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या, नि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. फॅरारचा उद्देश धर्मप्रसाराचा होता हे खरेच. पण तिला मराठी कोणी शिकवले, पहिल्या पावसाळ्यात कोणी सांभाळले, आपल्या मुली तिच्या स्वाधीन करण्याचे धाडस कोणत्या आईने प्रथम केले, यांपैकी एक तरी नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पीस कोअर भारतात १९६१ पासून १९७६ पर्यंत होते. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. त्यांची पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, त्यांच्या शेजाऱ्यांची मात्र निघाली नाहीत. फलटणची गोष्ट वेगळी, कारण तेथे आलेल्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मुदतच ठेवली नाही. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत मुले मराठीतून वाचायला शिकतात.

स्वयंसेवक परतला की आपली मंडळे त्याचे व्याख्यान ठेवतात, शाल-श्रीफळ देतात, आणि ते योग्यच आहे. माझी सूचना अशी, की त्या जोडीदार शिक्षकालाही एकदा बोलवून पाहावे. म्हणजे कळेल, की जो गृहस्थ आपल्या मुलीला दोन वर्षे सांभाळून घेतो त्याला दोन आठवड्यांसाठी येथे यायचे तर वकिलातीच्या खिडकीपुढे उभे राहून आपण परत जाणारच हे सिद्ध करावे लागते, आणि कलम २१४(ब) खाली अर्ज नामंजूर झाल्यास दाद मागायची सोय नाही. आपल्या आईवडिलांच्या व्हिसासाठी याच खिडकीपुढे ताटकळलेल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत परदेशी स्वयंसेवकांना अमेरिकेतल्या शाळांत आणि वस्त्यांत आणण्याचा एक लहानसा प्रयोग झाला होता. काँग्रेसला तो रुचला नाही आणि थोड्याच वर्षांत तो गुंडाळला गेला. तो पुन्हा सुरू करावा अशी मागणी आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे करणे प्रत्येक मराठी मतदाराला शक्य आहे. गणिताच्या शिक्षकांची टंचाई अमेरिकेच्या खेड्यांतही आहे, आणि साठ मुलांच्या वर्गात दोन भाषांतून बीजगणित शिकवणारा माणूस मिसिसिपीतल्या एखाद्या शाळेला जड होणार नाही. त्याला तेथे रुळायला किती महिने लागतील, आणि अंगण झाडायला त्याला कोण शिकवील, हे मग अमेरिकन गावाने पाहायचे.