रंगाखाली दडलेले जुन्नर

कांची, मदुराई, भुवनेश्वर, खजुराहो ही नावे निघाली की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या चर्चेला रंग भरतो. महिनोन्महिने आधी आरक्षण करून ही मंडळी तेथे जातात, मंदिरे पाहून भारावतात आणि परतल्यावर 'आपल्याकडे असे काही नाही' अशी हळहळही व्यक्त करतात. त्यांनी जावेच, आसेतुहिमाचल देश पायाखाली घालावा, ही तर आपली जुनी शिकवण आहे. परंतु पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आत असलेले जुन्नर पाहिले आहे का, असे त्यांना विचारले तर उत्तर ठरलेले असते. "हो, अष्टविनायकाला गेलो होतो ना!" म्हणजे सकाळी ओझर, दुपारी लेण्याद्री, वाटेत नारायणगावला चहा आणि गाडी पुढच्या गणपतीकडे. दोन दर्शने झाली, जुन्नर मात्र राहिले.

गेल्या श्रावणात प्रस्तुत लेखकाने चार दिवस या तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात काढले. बरोबर एक निवृत्त शिक्षक स्नेही होते. भाविक म्हणून निघालो, परतलो तेव्हा मनात एक अस्वस्थता होती. ती वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ओझरच्या विघ्नहराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १७३९ साली वसईचा किल्ला घेतल्यानंतर चिमाजीअप्पांनी या मंदिराच्या शिखरावर सोने चढविले, ही कथा तेथील प्रत्येक पुजारी सांगतो. लेण्याद्रीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तेथे आपण सांगत नाही ते सांगत असलेल्यापेक्षा अधिक आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर गिरिजात्मजाचे स्थान येते. एकही खांब नसलेला तो विस्तीर्ण मंडप आणि भोवतीच्या कोठड्या पाहून कोणाही चौकस मुलाला प्रश्न पडावा की, गणपतीच्या देवळाला इतक्या खोल्या कशाला? आमच्या पुढे चढणाऱ्या एका मुलीने तो विचारलाही. वडील म्हणाले, "पांडवांनी केल्या, चल लवकर."

हा बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. शेजारच्या चैत्यगृहातील लेख सांगतो की, कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. त्यांत यवन दात्यांचे लेख आहेत आणि क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचाही आहे. भिक्षू गेले, लेणी ओस पडली आणि कालांतराने गावकऱ्यांनी त्या पोकळीत आपली दैवते आणून बसविली. येथे गिरिजात्मज, तुळजा लेण्यात भवानी, मानमोडीला अंबिका. हे उघडपणे सांगण्यात आपल्यापैकी काहींना संकोच वाटतो. का वाटावा? दगडावर कोरलेले पांडवांच्या नावावर खपविल्याने धर्माचा मान वाढत नाही. उलट त्या मुलीच्या मनात उठलेला पहिलाच खरा प्रश्न आपण मारून टाकतो.

याच खोऱ्याच्या माथ्यावर नाणेघाट आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवरून येणारा माल ज्या वाटेने देशावर चढे, त्या वाटेवरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून तो आरंभ होतो आणि अश्वमेधासह अनेक श्रौत यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोठी यादी देतो. वर यज्ञ करणारी राणी आणि खाली भिक्षूंना लेणी कोरून देणारे व्यापारी, एकाच प्रदेशात दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होते. हिंदू समाजाची व्याप्ती कोणाला समजावून द्यावयाची असेल, तर व्यासपीठावरील भाषणापेक्षा त्याला हा घाट चढावयास लावणे अधिक बरे. त्याच लेण्यात सिमुक, सातकर्णी आणि नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. आज केवळ त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा उरल्या आहेत. भिंतीवर मात्र अलीकडच्या प्रेमिकांची नावे ठळक आहेत.

नाणेघाटाच्या वाटेवर, चावंड किल्ल्याच्या पलीकडे पूर या गावी कुकडी नदी उगम पावते आणि तेथे कुकडेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी झंझ राजाने बारा शिवालये उभारली, असे ताम्रपट सांगतात. ती नद्यांच्या उगमांशी आहेत आणि कुकडेश्वर त्यांतलेच, असे लोकपरंपरा मानते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी खिरेश्वर येथील नागेश्वराचे मंदिरही त्याच मालिकेत धरतात. त्याच्या मंडपात बसून मान वर केली की छताच्या दगडी चौकटींतून देवदेवता खाली पाहताना दिसतात. कुकडेश्वराचे मूळ शिखर आज नाही. परंतु भिंतींवरील शिल्पे पावसाने धुऊन निघाली होती, भाताच्या खाचरांत पाणी उभे होते आणि गाभाऱ्यात एक वृद्धा बेल वाहून पुटपुटत होती. दिखाऊ असे तेथे काहीच नव्हते. आम्ही दोघे तासभर न बोलता बसलो.

त्याच संध्याकाळी आणखी एका गावी गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. ओढ्याकाठी महादेवाचे जुने देऊळ, बाहेर तीन वीरगळ, असे कोणीतरी सांगितले होते. पाहतो तो दारालाच झगझगीत पिवळा आणि तांबडा तैलरंग. खांबांवर कोरलेल्या वेलपत्तीत रंग इतका जाड बसलेला की वेल ओळखू येईना. गाभाऱ्याला न्हाणीघराला लावतात तशा पांढऱ्या फरश्या. तीन वीरगळांपैकी एक सभामंडपाच्या पायरीत गेलेला, दुसऱ्याचा निम्मा भाग सिमेंटच्या ओट्यात पुरलेला. तिसरा सापडलाच नाही.

देवळातील वयोवृद्ध गुरवबाबा आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. स्नेही म्हणाले, "बाबा, हे कधी झालं?"

"चार वर्सं झाली, गुरुजी. समद्या पोरांनी वर्गणी काढली. मुंबैला कामाला हायेत, कोणी भोसरीला. लई झिजले बघा देवासाठी."

"आणि आधी कसं होतं?"

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काळं होतं. माझा बाप नुसत्या पाण्यानं धुवायचा. उन्हाळ्यात बी गार लागायचं आत. आता दगुड घामाजतो."

त्या निरक्षर वृद्धाने जे सांगितले, तेच संवर्धनाचे जाणकार सांगतात. काळा पाषाण आपल्यासारखाच श्वास घेतो. जमिनीतून आणि पावसातून त्यात शिरलेली ओल उन्हाळ्यात बाहेर पडावी लागते. तैलरंगाचा थर आणि सिमेंट यांनी ती वाट बंद होते, क्षार आतल्या आत साठतात आणि काही वर्षांनी कोरीवकामाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या कारागिरांनी चुना वापरला तो सिमेंट उपलब्ध नव्हते एवढ्याचसाठी नव्हे. चुना दगडाबरोबर हलतो, ओल सोडतो. बरे, चूक कळल्यावर रंग काढावयाचा म्हणून यंत्राने वाळूचा मारा करतात. त्यात रंगाबरोबर मूर्तीचे नाकडोळेही जातात.

आक्रमकांनी फोडलेल्या देवळांविषयी आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. तो इतिहास आहे. पण ज्या खांबावर कोणाचाही घण पडला नाही, तो आपल्याच वर्गणीने, आपल्याच श्रद्धेने, ढोलताशांच्या गजरात पुसला जावा, याविषयी आपण अवाक्षर काढत नाही. फोडलेल्या मूर्तीचा निदान तुकडा उरतो, त्यावरून काळ ठरविता येतो. फरशीखाली गेलेला लेख आपल्या लेखी नसल्यातच जमा. उद्या कोणी 'हे देऊळ आठशे वर्षांचे आहे याला पुरावा काय' असे विचारले, तर आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार आहोत?

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. देऊळ म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे, तेथे देव राहतो. घर जुने झाले की आपण रंग देतो, मग देवाचे घर पडके का ठेवावे? अहिल्यादेवींनी जीर्णोद्धार केले ते पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन का? खरे आहे. दिवाबत्तीवाचून ओस पडलेल्या 'संरक्षित' देवळापेक्षा, रंगविलेले का होईना, गजबजलेले देऊळ मलाही जवळचे वाटते. शिवाय सरकारी खात्याचा निळा फलक लावून कुलूप घालणे म्हणजे संवर्धन, असेही मी मानत नाही. परंतु अहिल्यादेवींचे गवंडी दगडाला दगड जोडणारे होते. वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांपुढे आज रंगाचा दुकानदार आणि फरशीचा ठेकेदार हे दोघेच सल्लागार असतात. तिसरा सल्लागार त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे काम कोणाचे?

तसे होऊ शकते, याचे उदाहरण पंढरपूरचे आहे. २०२४ साली विठ्ठल मंदिरात संवर्धनाचे काम झाले तेव्हा नंतरच्या काळात बसविलेल्या फरश्या काढून मूळ दगडी रूप मोकळे करण्यात आले. वारकऱ्यांच्या श्रद्धेला त्यामुळे यत्किंचितही धक्का लागला नाही. जे पंढरीच्या राऊळात चालते, ते ओढ्याकाठच्या महादेवाला का चालू नये?

शेवटच्या दिवशी मंचर, घोडेगाव, डिंभे या वाटेने भीमाशंकरला गेलो. वाटेत डिंभे धरणाचे पाणी लागते; मूळ आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. त्याच डोंगररांगेत ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. डोंगराला किती खणावे, किती सपाट करावे, हा प्रश्न त्या गावाने सर्वांपुढे ठेवला आहे. आता २०२७ च्या नाशिक सिंहस्थाच्या निमित्ताने ज्योतिर्लिंगांकडेही मोठी गर्दी वळेल. सोयी हव्यातच, वृद्ध आणि अपंग भाविकांसाठी तर आवर्जून हव्यात. मात्र भीमाशंकर हे अभयारण्य आहे, शेकरूचे घर आहे, आणि तेथला देव अरण्यातला देव आहे, हे आराखडे आखणाऱ्यांनी विसरू नये. मंदिरासमोर चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावरील अक्षरे आजही वाचता येतात. सुदैवाने तिला अद्याप कोणी रंग दिलेला नाही.

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला आणि २०२५ साली शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. पर्यटक वाढतील, पैसा येईल, आणि गावोगावच्या देवस्थान समित्यांना 'सुशोभीकरणा'चा उत्साहही येईल. म्हणूनच हे आत्ता लिहिणे भाग आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे की, कामाची पहिली कुदळ पडण्यापूर्वी देवळाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी, वीरगळ आणि शिलालेख मोजून त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि वर्गणीचा पहिला रुपया रंगावर न घालता छताच्या गळतीवर व पाण्याच्या निचऱ्यावर घालावा. जाणकार मिळेपर्यंत देव काळाच राहू द्यावा.

निघताना त्या गावी पुन्हा थांबलो. गुरवबाबांनी सभामंडपाच्या मागच्या खांबाकडे नेले. तेथे वीतभर जागेवरचा रंग त्यांनी बोटांनी आणि नारळाच्या शेंडीने, कोणाला न सांगता, खरवडून काढला होता. खाली वेलीचे एक पान होते. "पोरास्नी बोललो न्हाई अजून," ते म्हणाले. "दिवाळीला येत्यात समदी. तुमी याल का तवा, गुरुजी?" स्नेह्यांनी येतो म्हणून सांगितले आहे.