किल्ली कुणाच्या कमरेला?



लायब्ररीचं दार उघडं आहे, असं आपल्याला उठता-बसता ऐकवलं जातं. कार्ड मिळतं, पुस्तक मिळतं, आता कॉम्प्युटरही मिळतो. मग बोंब कशाला मारता? बोंब एवढ्यासाठी की दार उघडणं वेगळं आणि आतलं कपाट उघडणं वेगळं. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्याला संदर्भ कसा काढायचा, कुठलं पुस्तक भरवशाचं, कुठलं टाकाऊ, हे ताटावर बसल्या बसल्या कळतं. ज्याच्या घरात रेशनकार्ड हाच काय तो छापील कागद, त्याला हे सांगणार कोण? विद्यापीठाने सांगायला पाहिजे. ते काय करतं? वर्ष सुरू झालं की अर्धा तास पोरांची लायब्ररीतून मिरवणूक काढतं, ‘शांतता राखा’ची पाटी दाखवतं, आणि खेळ खलास.

या विद्येला नाव आहे माहिती साक्षरता. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्कीने हा शब्द रूढ केला. तो माहितीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. शब्द धंद्यातून आला, म्हणून आपण तो टाकून द्यायचं कारण नाही. अर्थ साधा आहे: माहितीची गरज ओळखायची, ती हुडकायची, पारखायची आणि वापरायची.

हुडकायची म्हणजे काय ते सांगतो. मी एम.ए.ला असताना इंग्रजी अमदानीतल्या आपल्या शाळांबद्दल शोधत होतो. कॅटलॉगमध्ये ‘दलित’ टाकलं. कवितासंग्रह निघाले, आत्मकथनं निघाली, सरकारी रिपोर्ट एकही नाही. दोन वर्षांत कुठल्या प्राध्यापकाने जे सांगितलं नव्हतं ते रॅकवर पुस्तकं लावणाऱ्या एका मामांनी सांगितलं. ‘आरं पोरा, विंग्रजाच्या दप्तरात दलित कसा घावंल? डिप्रेस्ड क्लासेस बघ.’ बघितलं आणि रिपोर्टांची रांग लागली.

गोम इथंच आहे. अस्पृश्य, डिप्रेस्ड क्लासेस, १९३५च्या कायद्यापासून शेड्यूल्ड कास्ट्स, गांधींनी चालवलेला ‘हरिजन’, मग दलित. प्रत्येक काळाच्या दप्तरात आपलं नाव वेगळं. दुसऱ्यांनी आपल्याला दिलेली ही नावं माहीत नसली तर आपलाच इतिहास आपल्या हाताला लागत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयांची यादी जगभरची ग्रंथालयं वापरतात. तिच्यातही आपण आधी ‘अनटचेबल्स’ होतो, मागाहून ‘दलित्स’ झालो. फुल्यांचं नाव रोमन लिपीत कुणी ज्योतिबा लिहितो, कुणी जोतीराव. एकच स्पेलिंग टाकून बसलात तर निम्मे फुले गायब.

आणि कपाटांची मांडणी निर्मळ असते असं समजू नका. मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ची. तिच्यात धर्माला २०० ते २९९ आकडे. त्यातले २२० ते २८९ एकट्या ख्रिस्ती धर्माला आणि बाकी साऱ्या जगाचे धर्म २९० च्या एका खोपटात कोंबलेले. बुद्ध २९४.३ वर, हिंदू धर्म २९४.५ वर. याच ड्यूईच्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना मज्जाव होता. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरचं त्याचं नाव काढून टाकलं. कपाटातही उतरंड असते. ती वाचता आली पाहिजे, तरच खालच्या फळीवर टाकलेलं पुस्तक वर काढता येईल.

बाबासाहेब किती तास वाचायचे हे सांगणारे व्यासपीठावर पुष्कळ. ते काय वाचायचे आणि त्याचा पुरावा कसा मांडायचे, हे कुणी सांगत नाही. १९२३चं त्यांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक उघडा आणि तळटीपा बघा. सरकारी रिपोर्ट, पार्लमेंटचे कागद, आकडे. वाद घालणाऱ्याला पळायला वाट ठेवलेली नाही. आणि आपण? मोबाईलवर त्यांच्या फोटोखाली रोज एक वाक्य येतं. खंड कुठला, पान कुठलं, पत्ता नाही. तरी दणादण पुढे ढकललं जातं. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून छापलेले त्यांचे इंग्रजी खंड आज केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सोय झाली, सवय झाली नाही. उद्या समोरचा म्हणाला, ‘दाखव कुठं लिहिलंय’, तर काय दाखवणार? आता तर बोलक्या यंत्राला विचारलं की ते नसलेल्या पुस्तकाचं नसलेलं पानसुद्धा छातीठोक सांगतं. पारख नसेल तर आपली पोरं त्याच्यावरही मान डोलावतील.

शिकवायची सोय अगदीच नाही असं नाही. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याचे नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. चोरी ती चोरीच, मी तिची वकिली करत नाही. २०१९ साली पीएच.डी.साठी २ क्रेडिटचा कोर्स सक्तीचा झाला. संशोधनाची नीती, डेटाबेस, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स, सगळं त्यात आहे. झकास! पण पीएच.डी.पर्यंत आपल्यातले पोचतात किती? पायरीवर लागणारी काठी माडीवर नेऊन ठेवली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा पोरगा गाईड पाठ करतो, कारण दुसरी वाट त्याला कुणी दाखवलेलीच नसते. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध अख्खेच्या अख्खे फुकट. माल दारात येऊन पडला आहे आणि पोरांना त्याची गंधवार्ता नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पदवीच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक शाखेला क्रेडिटचा पेपर द्या. तो मराठीतून शिकवा. ग्रंथपालाला वेळापत्रकात तास द्या, त्याला पुस्तकं मोजायला बसवू नका. परीक्षा पाठांतराची नको. पोराला एक प्रश्न द्या आणि त्याचा माग काढून आणायला सांगा.

आणि विद्यापीठ हलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं का? ज्याला शोधता येतं त्याने वस्तीतल्या अभ्यासिकेत तीन जणांना घेऊन बसावं. आठवड्याला मोबाईलवर आलेलं एक वाक्य घ्यावं आणि खंडात हुडकावं. सापडलं तर पान नंबर लिहून भिंतीवर लावावं. नाही सापडलं तर तेही लावावं, आणि ते वाक्य त्या दिवसापासून बंद करावं.