पहाटेच्या तासाचा जमाखर्च

रत्नागिरीत पहाटे पाच वाजता रस्त्यावर कोण दिसते? दूधवाले, पेपरवाले, मिरकरवाड्याकडे निघालेल्या मासळीवाल्या आणि पहिली एस.टी. पकडायला धावणारे कामगार. पूर्वी त्यांच्या जोडीला फार तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असत. आता नुसत्या हौसेने धावणारेही दिसतात. २०२४ च्या जानेवारीत येथे कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हापासून दिवाळी आटोपली की मारुती मंदिर, थिबा पॅलेस, भाट्याचा पूल या बाजूंना पहाटे पळणारी माणसे वाढतात. त्यांत आपल्या समाजाची तरुण मंडळी आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्या वस्त्यांतून खेळाकडे कोणी हौस म्हणून पाहतच नव्हते. खेळ म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे भाकरी.

या वेळी लिहायचे आहे ते अशाच एका तरुण जोडप्याविषयी. नावे देत नाही, तशी त्यांची इच्छा आहे. तो मिरजोळे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो. ती एका खाजगी दवाखान्यात केसपेपर काढते. नाचणे रोडला भाड्याच्या दोन खोल्या, चार वर्षांची मुलगी अंगणवाडीत. दोघेही मूळचे लांजा तालुक्यातले. ती शाळेत असताना आठशे मीटरला जिल्ह्यापर्यंत पोचली होती. लग्नानंतर ते प्रमाणपत्र ट्रंकेत गेले. मागचा पावसाळा सरल्यावर तोच म्हणाला, "दोघेही दहा किलोमीटरला नाव घालू." तिला काय, तेवढेच हवे होते.

पहिल्या चार आठवड्यांचा हिशोब असा झाला : तो एकोणीस दिवस धावला, ती सहा दिवस.

आळस म्हणाल तर तो तिच्या अंगात नाही. उठत दोघेही साडेचारलाच. त्याने तोंड धुतले, बूट चढवले की तो रस्त्यावर. इकडे पाचला नळ येतो आणि पावणेसहाला जातो. पाणी भरायचे, कणीक मळायची, दोन डबे करायचे, तोवर मुलगी उठते. ती मोकळी होईपर्यंत सहा वाजून जातात, ऊन कौलावर येते आणि आपल्याकडची दमट हवा अंगाला चिकटते. घाम नुसता निथळतो, वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. अशा वेळी चार किलोमीटर धावणे म्हणजे पहाटेच्या सहा किलोमीटरएवढे जड. एकदा ती कुरकुरली तेव्हा तो म्हणाला, "मी तुला कधी अडवले का?" त्याने अडवले नव्हते, हे खरेच आहे. नळाने, शेगडीने आणि मुलीने अडवले होते, आणि ती तिघे त्याच्या वाटेत कधीच आली नव्हती.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, आम्हाला कुठलीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी मांडल्याशिवाय चैन पडत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटे, आणि पुरुषाचा ८८ मिनिटे. हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सत्तावीस निघाले. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे आठवड्याला साडेतेवीस तासांच्या घरात. दहा किलोमीटरच्या तयारीला लागते काय? आठवड्यातून चार दिवस पाऊण पाऊण तास आणि रविवारी दीड तास, एकूण साडेचार तास. त्या साडेतेवीस तासांचा पाचवा हिस्साही नाही! तेवढा नवऱ्याने उचलला तर बायको शर्यतीच्या रेषेपर्यंत पोचते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराला जगायला, वाचायला, पोराबाळांत बसायला वेळ मिळाला पाहिजे, हा त्यामागचा अर्थ. आपल्या जोडप्यातला तो त्या ४८ तासांचा लाभ घेतो. सुटीच्या तासांत तो धावतो आणि ते त्याने जरूर करावे. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, तिला ना भोंगा ना हजेरीपट. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते की, नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. त्या भाषणातला उतारा आपण जयंतीच्या फलकावर दरवर्षी रंगवतो. पहाटे पाचला नळाशी कोण उभे आहे, ते पाहून त्या फलकाचा खरा अर्थ कळतो.

मोठे धावपटू घडतात कसे, हेही या अंगाने पाहण्यासारखे आहे. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, गरीब कष्टकरी आईबापांचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला तो महार रेजिमेंटमध्ये. १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन जी पलटण उभी राहिली, तीच ही. सैन्यात त्याला स्टीपलचेस सापडली, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. पाय त्याचे, जिद्द त्याची; पण जेवण, बूट, प्रशिक्षक आणि मुख्य म्हणजे सरावाचा वेळ सैन्याने दिला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. बायकांना ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये मिळालीच मुळी २००८ साली, आणि मॅरेथॉन १९८४ साली. त्याआधी मोठमोठ्या शहाण्यांचे मत असे की, बाईचे शरीर इतके लांब धावणे सोसणार नाही. डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढणाऱ्या आपल्या आयाबायांकडे त्यांनी एकदा पाहायला हवे होते.

नाचणे रोडच्या मुलीपाशी ना सैन्य आहे ना रेल्वे. तिला वेळ देणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे तिचे घर.

पाचव्या आठवड्यात दोघांनी बसून कॅलेंडरवर वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे; मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. ज्याचा धावण्याचा वार नसेल त्याने पाणी भरायचे, डबे करायचे, मुलीकडे पाहायचे. त्याची रात्रपाळी आली की तो सकाळी आल्यावर ती निघते, म्हणजे थोडा उशीर होतो, पण निघते. पहिल्या आठवड्यात त्याच्या चपात्या पाहून मुलीने "बाबा, हा नकाशा कुठला?" असे विचारले म्हणे. आता तो भाकरीही थापतो. कारखान्यात दोघे-तिघे हसले, आणि त्यातल्या एकाने हळूच विचारले की, कणकेत पाणी किती घालतोस?

गावाहून सासूबाई आल्या होत्या, त्यांना हे रुचले नाही. मुलगा पाणी भरतो आणि सून रस्त्याने पळते, लोक काय म्हणतील? ती काही बोलली नाही. विहारात पौर्णिमेला भन्तेजींनी सिगालोवाद सुत्तावर प्रवचन दिले. नवऱ्याने बायकोशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी भगवंतांनी त्यात सांगितल्या आहेत : तिचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे. घरी येताना सासूबाई मुलाला एवढेच म्हणाल्या, "अलंकाराचे राहू दे, तिला बूट तरी घेऊन दिलेस का?" दिले नव्हते. एकाच जोडीचे पैसे होते आणि ती त्याने आधी घेतली होती. दिवाळीच्या बोनसमधून तिचे बूट आले. महागडी जाहिरातीची जोडी नव्हे, पायाला बसणारी. त्याआधी ती जुन्या कॅनव्हासच्या बुटांत धावत होती आणि पोटऱ्या धरत होत्या.

बुटांवरून बारामतीच्या लता करे आठवल्या. नवऱ्याच्या तपासणीचा खर्च उभा करायचा म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी मॅरेथॉन धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःच काम केले. २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी चीड येते की, नवऱ्याच्या उपचारासाठी एका मजूर बाईला अनवाणी धावावे लागते.

आपल्या भगिनींपैकी ज्यांना धावायचे मनात असेल त्यांनी आधी सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन हिमोग्लोबिन तपासावे. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत दिसले. दम लागतो तो वयाने नव्हे, रक्त कमी म्हणून, हे कित्येकींना कळतच नाही. आपल्या मुलीचेही कमी निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहाने लोह अंगी लागत नाही. बाकी खाणे आपलेच : नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा, जवळा. घामातून मीठ जाते, तेव्हा धावून आल्यावर कोकमाचे सरबत मीठ घालून प्यावे. बाटलीतल्या रंगीत पाण्यावर पैसे घालवू नयेत. सुरुवातीला वेग इतकाच ठेवावा की शेजारणीशी बोलता येईल. मारुती मंदिराकडून खाली मांडवीकडे उतरताना फार जोर करू नये, चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त मारतो. आणि पहाटे एकटीने अंधाऱ्या रस्त्याने जाऊ नये. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण नगरपरिषदेचे दिवे कुठे लागतात आणि कुठे नाही हे आपण जाणतोच. वस्तीतल्या तिघी-चौघींनी मिळून निघावे.

वार वाटून घेतल्यामुळे दोघे एकत्र असे धावतच नाहीत, फक्त रविवारी. त्या दिवशी शेजारच्या आजी मुलीला सांभाळतात आणि दोघे नाचण्यावरून थेट भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येतात. मागच्या रविवारी परतीच्या चढावर ती पुढे गेली आणि तो बराच मागे राहिला. शर्यतीच्या दिवशी मुलीला कोठे ठेवायचे हे अजून ठरलेले नाही, कारण आजींनी सांगून टाकले आहे की, त्या दिवशी मी घरी बसणार नाही, पोरीला कडेवर घेऊन पुलावर उभी राहणार.