विनापरवाना मजूर आणि मजुरीचे दर

५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकन सरकारनें १०४ भारतीयांस लष्करी विमानांत घालून अमृतसर येथें आणून सोडलें. त्यांत बहुतेक पंजाब, हरियाणा व गुजरात येथील असले, तरी महाराष्ट्रांतीलही तिघे होते. त्यांच्या हातांपायांतील बेड्यांची चर्चा त्या वेळीं सर्वत्र झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. परंतु ज्या आरोपामुळें तिकडील लोकमत अशा लोकांविरुद्ध तापतें, तो खरा कीं खोटा याची चौकशी आपल्याकडे फारशी कोणी केली नाहीं. विनापरवाना आलेला परका मनुष्य थोडक्या मजुरींत राबतो व तेथील गरिबाची भाकरी हिरावून घेतो, असा हा आरोप आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें त्या देशांत रीतसर परवान्यानें राहत आहेत. तेव्हां हा प्रश्न आपणांस अगदींच परका म्हणतां येत नाहीं.

सकृद्दर्शनीं आरोप बिनतोड वाटतो. मंडईंत माल वाढला कीं भाव उतरतो. मग मजूर वाढल्यावर मजुरी कां उतरूं नये? पण मजूर म्हणजे कांदेबटाटे नव्हेत. तो जेवतो, कपडालत्ता घेतो, भाडें भरतो, म्हणजे दुसऱ्या कोणास काम पुरवितोच. शिवाय मालकही हात जोडून स्वस्थ बसत नाहीं.

याचा उत्तम दाखला तिकडील शेतीचाच आहे. १९४२ सालीं महायुद्धामुळें शेतांवर माणसें मिळेनात, म्हणून अमेरिकेनें मेक्सिकोशीं करार करून हंगामी मजूर आणण्यास आरंभ केला. ‘ब्रासेरो’ नांवाची ही योजना बावीस वर्षें चालली व तिच्याखालीं सुमारें पंचेचाळीस लाख करारपत्रें झालीं. (हे मजूर परवान्याचे होते हें खरें, पण परका मजूर घालविला तर पुढें काय होतें, हें पाहण्यास हा दाखला फार सोयीचा आहे.) देशी शेतमजुराची मजुरी वाढावी, या हेतूनें १९६४ अखेर योजना बंद करण्यांत आली. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस व हॅना पोस्टेल यांनीं जुनीं सरकारी दप्तरें धुंडाळून २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दिसतें कीं, जेथें ब्रासेरो पुष्कळ होते व जेथें मुळींच नव्हते, अशा दोन्ही प्रकारच्या संस्थानांत मजुरी पुढें सारख्याच चालीनें वाढत राहिली.

कारण मजूर गेले तेव्हां शेतकऱ्यांनीं मजुरी न वाढवितां यंत्र आणलें. कॅलिफोर्नियांतील टोमॅटोची कथा या दृष्टीनें मोठी मनोरंजक आहे. डेव्हिस येथील विद्यापीठांत जॅक हॅना व कोबी लोरेन्झन या दोघांनीं कित्येक वर्षें एकच ध्यास घेतला होता: लोरेन्झन यांनीं तोडणीचें यंत्र रचावें, आणि हॅना यांनीं त्या यंत्राचे हिसके सोसणारें व सगळें एकदम पिकणारें फळ निर्माण करावें. स्वस्त मजूर मिळत होते तोंवर या यंत्रास फारसें गिऱ्हाईक नव्हतें. १९६४ नंतर मात्र चार-पांच वर्षांतच तेथील कारखान्यांकडे जाणारा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्रानें तोडला जाऊं लागला. ज्या पिकांस यंत्र सांपडलें नाहीं, त्यांतील कांहींची लागवडच घटली. देशी मजुराच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं.

उलट बाजूचा दाखला मायामी शहराचा. १९८० सालीं एप्रिल ते ऑक्टोबर या अवधींत क्यूबांतील मारिएल बंदरांतून सव्वा लाख माणसें फ्लॉरिडांत उतरलीं व मायामींतील कामकऱ्यांची संख्या सुमारें शेंकडा सातांनीं वाढली. डेव्हिड कार्ड यांनीं १९९० सालीं दाखविलें कीं, मजुरी वा बेकारी यांवर त्याचा परिणाम आढळत नाहीं. पुढें जॉर्ज बोर्हास (हे स्वतः बाळपणीं क्यूबांतून आलेले) यांनीं तेच आंकडे निराळ्या रीतीनें चाळले व शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरली असें प्रतिपादिलें. मोजलेलीं माणसें फारच थोडीं होतीं, असा त्यांवर आक्षेप आला. पंडितांचा हा वाद मिटलेला नाहीं. तेथील राष्ट्रीय विद्वत्परिषदेनें २०१६ सालीं दिलेला अभिप्राय असा कीं, दीर्घ मुदतींत एकंदर मजुरीवरील परिणाम अगदीं अल्प. झळ लागते ती मुख्यतः आधीं येऊन राहिलेल्या परक्यांस व अल्पशिक्षितांस. हा अभिप्राय आम्हांस मान्य आहे. पण ‘एकंदर’ या शब्दानें आमचें समाधान होत नाहीं. घरांतील दहा माणसें सरासरीनें पोटभर जेवलीं, एवढ्यावरून धाकटी सून उपाशी निजली नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

लाभ कोणास होतो, तेंही पाहावें. अल्पशिक्षित परके जेथें पुष्कळ आले, तेथें उच्चशिक्षित स्त्रियांस नोकरीस अधिक तास देतां येऊं लागले, असें पॅट्रिशिया कोर्तेस व होसे तेसादा यांनीं २०११ सालीं दाखविलें. घरकामास माणूस स्वस्त मिळालें, हें त्याचें कारण. मोलकरीण ठेवणारीस सवड व मोलकरणीस झळ, हा हिशेब आमच्या वाचकभगिनींस फोड करून सांगावयास नको.

आमच्या मतें खरी मेख ‘परका’ या शब्दांत नसून ‘विनापरवाना’ या शब्दांत आहे. १९८६ च्या कायद्यानें सुमारें सत्तावीस लाख लोकांस परवाना मिळाला, व असा मजूर जाणूनबुजून ठेवणें हा मालकाचा गुन्हा ठरला. पण ‘जाणूनबुजून’ हें सिद्ध कोण करणार? अलीकडील सरकारी पाहणींतही पिकांवरील मजुरांपैकीं दहांत चार विनापरवानाच आढळले. २००२ सालीं तर तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निकाल दिला कीं, संघ बांधण्याच्या खटपटीमुळें मालकानें बेकायदा काढून टाकलेल्या अशा मजुरास बुडालेली मजुरी मागतां येणार नाहीं. यामुळें कायदा मोडणें मालकास स्वस्त पडेल, असें अल्पमतांतील न्यायमूर्ति ब्रेयर यांनीं बजावलें होतें. ज्यास तक्रार करतां येत नाहीं असा मनुष्य शेजारीं उभा असतां, परवाना असलेला मजूर तरी कोणत्या बळावर वाढ मागणार?

आणि हेच लोक सरकारी तिजोरींत भर घालतात, ही गोष्ट तिकडेही थोड्यांनाच ठाऊक असते. कित्येकांच्या मजुरींतून वृद्धवेतनाची वर्गणी कापली जाते. २०१० या एका वर्षीं अशा लोकांमुळें त्या निधींत सुमारें बारा अब्ज डॉलर निव्वळ भर पडली, असा अंदाज त्या खात्याच्याच हिशेबनिसांनीं केला आहे. तें वेतन त्यांतील बहुतेकांच्या हातीं कधींच पडावयाचें नाहीं.