साईडकारची चेन म्हणजे अर्धं हँडल

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. "अरे, साईडकार लावली म्हणून काय झालं, बाकी गाडी तीच ना?" गॅरेजवाल्यांपासून ऑफिसच्या पार्किंगमधल्या बुलेटवाल्या मित्रांपर्यंत सगळे हेच बोलतात, आणि मग चेनकडे ढुंकून बघत नाहीत.

तर मुद्दा असा की गाडी तीच राहत नाही. आणि हे फीलिंग वगैरे नाही, साधा हिशोब आहे. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. चालवणारा ७५ किलोचा धरा, झाले २७०. आता समजा साईडकार ८० किलोची आणि आत ७० किलोचं माणूस. झाले ४२०. म्हणजे ओझं दीडपटीच्या वर गेलं, इंजिन मात्र तेच २० बीएचपीचं. हे सगळं जादा ओझं सिग्नलला थांबून उठताना कोण ओढतं? आधी क्लच, मग पुढचं स्प्रॉकेट, मग चेन, मग मागच्या हबमधले रबर. मॅन्युअलमध्ये छापलेले किलोमीटर एकट्या गाडीसाठी आहेत. त्या आकड्यांवर साईडकार चालवणं म्हणजे शंभर युजरसाठी टेस्ट केलेला सर्व्हर दीडशेवर सोडून झोपायला जाणं. आपल्यातला कुणी हे ऑफिसात करेल का? मग रस्त्यावर का करतो?

पण वजन हा निम्माच भाग झाला. खरी गोम पुढे आहे.

साध्या मोटारसायकलला चेन ढिली असली तर झटका बसतो, "टक्" आवाज येतो, आपण शिवी घालून पुढे जातो. साईडकारवाल्या गाडीला तोच झटका दिशा बदलतो. आपल्याकडे साईडकार डाव्या बाजूला. थ्रॉटल दिला की मोटारसायकल पुढे जायला बघते, साईडकार मागे रेंगाळते, गाडी डावीकडे ओढते. थ्रॉटल सोडला की उलटं: मोटारसायकल मंदावते, साईडकारचं वजन पुढे धावतं, गाडी उजवीकडे वळायला बघते. चालवणारा हे दोन्ही हातांनी सतत सांभाळत असतो. आता मध्ये ढिली चेन आली की प्रत्येक वेळी आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. म्हणून म्हणतो, साईडकारमध्ये चेन म्हणजे अर्धं हँडल आहे. ढिलं हँडल घेऊन तुम्ही घराबाहेर पडाल का?

आणि चेन तुटून मागच्या चाकात अडकली तर? चाक लॉक, गाडी उजवीकडे फिरणार. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रॅफिककडे. साईडकारमध्ये बहुतेक वेळा कोण बसलेलं असतं? आई, बायको, पोरगं. जास्त लिहीत नाही.

मग लोक बघत का नाहीत? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण हास्यास्पद आहे, पण खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींची चेन डावीकडे असते आणि साईडकारही डावीकडे. म्हणजे चेन बरोब्बर दोघांच्या मधल्या बोळात जाते. जुन्या बुलेटची प्रायमरी चेन आणि क्लचची केसही त्याच बाजूला. दिसत नाही म्हणजे बिघडत नाही, असा आपला राष्ट्रीय नियमच आहे.

दुसरं कारण म्हणजे आपले बाबा लोक. :) महाराष्ट्रात एका पिढीची साईडकार म्हणजे बजाजची स्कूटर. चेतकला चेनच नव्हती. इंजिन मागच्या चाकाला चिकटलेलं, गिअर तेलात बुडालेले, तिथूनच थेट चाक फिरायचं. गिअर ऑइल बदललं, क्लचची केबल बघितली, झालं. त्या गाड्यांवर अख्खी कुटुंबं फिरली, त्यामुळे "साईडकारला काही करावं लागत नाही" ही समजूत घरोघरी मुरली. आता तीच समजूत उघड्या चेनच्या बुलेटला लावतात. बाबांचं चूक नव्हतं, गाडी वेगळी होती.

ज्यांनी साईडकारसाठीच गाड्या बनवल्या त्यांनी काय केलं तेही बघा. दुसऱ्या महायुद्धातली बीएमडब्ल्यू आर७५ : शाफ्ट ड्राइव्ह, साईडकारच्या चाकालाही ताकद, वर रिव्हर्स गिअर. रशियातली उराल, जिचं मूळ १९४१ च्या एम-७२ मध्ये आहे, तीही शाफ्टवर. ह्या लोकांनी चेनचा प्रश्नच काढून टाकला. आपण चेनवाल्या गाडीला बाजूला डबा जोडतो. जोडा, माझं काहीच म्हणणं नाही, मीही जोडलेला आहे. पण मग त्या चेनचं देणं द्यावं लागतं.

हे देणं कोनमध्ये जरा जास्तच आहे. दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणहून इकडे आलात की पुढे भिवंडीपर्यंत गोदामं आणि ट्रक. २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या मेट्रो ५ च्या कामाने ह्या रस्त्याला जी धूळ खायला घातली ती आम्ही घरातही खाल्ली. पावसाळ्यात ह्याच धुळीचा चिखल होतो. एकटी मोटारसायकल खड्डा चुकवते. साईडकारला तीन चाकांच्या दोन रेषा, एक चुकवला की दुसरा सापडतोच. चेनवर तेल, तेलावर बारीक वाळू, म्हणजे घरच्या घरी तयार केलेली पॉलिश पेपरची पेस्ट. ती दाते खाते.

आता करायचं काय? रॉकेट सायन्स नाही. शनिवारचा पाऊण तास.

चेन साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रबर जातं. पुसून कोरडी करा, मग एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, आतल्या बाजूने. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ओतणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार : त्यात इंजिनाची झीजच तरंगत असते, ती तुम्ही चेनला पाजता. सोलो गाडीला हे काम सर्वसाधारण ५०० किलोमीटरला सांगतात. साईडकारला आमच्या रस्त्यावर मी निम्म्यावर करतो, पावसात दर आठवड्याला.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरणारे महाभाग मी पाहिलेत. बोटं जातात, राव. साईडकारला मेन स्टँड नीट लागत नाही हे मान्य. मग जॅक घ्या, नाहीतर इंजिन बंद करून गाडी हातभर पुढे ढकला, पुसा, परत ढकला.

ढिलाई तपासताना गाडीत रोजचं ओझं ठेवा. रिकाम्या गाडीवर ताणलेली चेन माणसं बसल्यावर आणखी आवळते आणि गिअरबॉक्सची बेअरिंग खाते. चेन जिथे सर्वात घट्ट लागते तिथे मोजायचं. मागचं चाक मागे ओढताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्याच हव्यात. चाक तिरकं बसलं की साईडकारच्या चाकाशी असलेलं अलाइनमेंटही गेलं. म्हणून चेन ओढली की दोन सरळ पट्ट्या लावून टो-इन बघायचाच.

झीज डोळ्यांनी ठरवू नका, पट्टी लावा. चेन ताणून २० कड्या मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. ४२८ नंबरच्या चेनला नवीन असताना २५४ मिमी, ५२० किंवा ५३० ला ३१७.५ मिमी. दोन टक्के वाढली, म्हणजे साधारण २५९ किंवा ३२४ झाली, की चेन संपली. साईडकारवाल्याने दीड टक्क्यालाच पाकीट उघडावं. आणि अख्खं किट बदलावं : वाकलेल्या दात्यांवर नवी चेन टाकणं म्हणजे नवी चेन जुनी करणं. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेनच्या धावेच्या दिशेला.

शेवटचं, पुढचं स्प्रॉकेट एक दाता कमी. समजा १७ चं १६ केलंत, तर चाकावरची ओढ सव्वासहा टक्क्यांनी वाढते, टॉप स्पीड जवळपास तेवढाच घटतो. सिग्नलला क्लच जाळत उठण्यापेक्षा हे स्वस्त. साईडकारला टॉप स्पीड हवाय कुणाला?

"मेकॅनिक बघतो ना" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो : तुमच्या मेकॅनिकने गाडीत माणूस बसवून चेन कधी तपासली? "आरटीओ पासिंग आहे" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, पासिंग जरूर हवं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांसाठी परवानगी मागतं. पण तो कागद तुमची चेन पुसत नाही.

आणि वेळ नाही हे कारण तर मला सांगूच नका. साईडकारबरोबर फोटो काढायला आपल्याला अर्धा रविवार मिळतो. त्यात मागे बसलेल्या माणसासाठी पाऊण तास काढा. साईडकारमध्ये बसणाऱ्याच्या हातात ना ब्रेक असतो ना थ्रॉटल. तो निव्वळ तुमच्या भरवशावर बसलेला असतो.